रविवारच्या शिव्या

"माझ्यापासून दोन पावलं मागे राहा आणि फक्त ऐका," अरुंधतीने राजसला बजावलं आणि ती पनवेलच्या मासळी बाजारात शिरली.

राजस वाहिनीचा माणूस. वय तिशीच्या आतलं, हातात टीआरपीच्या आकड्यांचा कागद. त्या कागदाच्या जोरावर 'शपथ तुळशीची' मालिकेतल्या दमयंतीला महिन्याभरात गाडीसकट घाटातून खाली पाठवायचं ठरलं होतं. दमयंती म्हणजे मालिकेतली खाष्ट सासू, आणि गेली तीन वर्षं दमयंती म्हणजे अरुंधती.

"लोकांना तिचा राग येत नाही हो आता," राजस फोनवर म्हणाला होता. "कंटाळा येतो."

कंटाळा! हा शब्द तिला चांगलाच झोंबला होता. तिचं वय बावन्न. ही भूमिका गेली की पुढे नायकाच्या आजीचे दोन प्रसंग, तेही कुणाला आठवण झाली तर. पण अरुंधती मुळीच घाबरली नव्हती. तिच्याकडे ठमाबाई होती.

ठमाबाई उरणच्या कोळीवाड्यातली. सून किशोरीला घेऊन पनवेलच्या बाजारात बसायची. वर्षभरापूर्वी अरुंधती नवीन पनवेलला राहायला आली, आणि पहिल्याच रविवारी ठमाबाईने तिला भर बाजारात दमयंती समजून झाडलं. दुसरी एखादी रडत घरी गेली असती. अरुंधतीने घरी जाऊन आरशात स्वतःला शाबासकी दिली. खलनायिकेला याहून मोठं बक्षीस कुठलं? तेव्हापासून तिने एक रविवार चुकवला नाही. श्रावणात तिचे मासे बंद होते, तर कोथिंबिरीचं निमित्त करून ठमाबाईच्या पुढ्यातून दोनदा जायची.

आजही सगळं नेहमीसारखंच होतं. किशोरी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, वर आजचा पेपर, मांडीवर घेऊन मासे बांधायला पानं सुटी करत होती. तिने मान वर करून अरुंधतीला पाहिलं आणि सासूच्या कानाशी लागली. ठमाबाईने हातातलं पापलेट खाली ठेवलं आणि कंबरेवर हात ठेवले.

"आली गो आली, कैदाशीण! लाज नाय वाटत? पोटुशी पोर, तिला नेसत्या लुगड्यानिशी म्हायेरी धाडलीस? त्या गौराचे तळतळाट लागतील तुला!"

आजूबाजूची गिऱ्हाइकं थांबली. कोलंबी निवडणाऱ्या बाया माना वळवून बघू लागल्या. अरुंधतीने दमयंतीसारखी हनुवटी उचलली. गर्दीतून कुणीतरी "हीच ती, हीच ती" म्हणालं, तेव्हा तिला धन्य वाटलं.

राजस तिच्या कानाशी आला. "मॅडम, गौराला माहेरी पाठवल्याचा भाग उद्या दाखवणार आहोत. हिला आज कसं कळलं?"

"याला चाहते म्हणतात," अरुंधती ऐटीत म्हणाली. "दमयंती पुढे काय करेल, हे त्यांना तुमच्या लेखकांआधी कळतं."

तेवढ्यात ठमाबाईचा आवाज खाली आला.

"पन मी सांगू, बाय? तू वाईट नायस. तुला भ्या हाय. पोरगा तिचा झाला तं आपला कोन उरला, ह्या भ्यानं जळतेस तू. पन सुनंला म्हायेरी धाडून भ्या जातं व्हय? उलटं घर खायला उठतं."

किशोरीचा हात रद्दीवर थांबला. तिने सासूकडे एकदा पाहिलं आणि मग सावकाश पान फाडलं.

राजसने टीआरपीच्या कागदाची घडी घालून खिशात टाकली. "आमचे चार लेखक तीन वर्षं बसलेत," तो पुटपुटला, "एकालाही हे सुचलं नाही."

गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. दमयंती घाटात जाणार नव्हती. उलट पुढचं वर्षभर गोष्ट तिचीच, तिच्या मनातल्या भीतीची. अरुंधती एवढंच म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं?" फोन ठेवल्यावर मात्र तिने एकटीनेच स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली.

तिला ठमाबाईचे आभार मानायचे होते, आणि तेही थाटात. तिने पेढे घेतले. स्वतःच्या एका मोठ्या फोटोवर 'माझ्या सगळ्यात मोठ्या चाहतीला' असं लिहून खाली सही ठोकली आणि गाडी काढली. उरणच्या वाटेवर जासईला कंटेनरच्या गाड्यांमध्ये अर्धा तास अडकली, तरी चिडली नाही. मालिका साडेसातला लागायची. पडद्यावर दमयंती आणि दारातही दमयंती, असा बेत होता. ठमाबाईची कशी भंबेरी उडेल, या विचाराने तिला गाडीतच हसू फुटत होतं.

कोळीवाड्यात पहिल्याच माणसाने घर दाखवलं. दार सताड उघडं होतं. आत टीव्ही मोठ्याने चालू होता आणि समोर किशोरीसकट पाचसहा बाया मांडी ठोकून बसल्या होत्या. किशोरी पदराने डोळे पुसत होती. कुणाचंही दाराकडे लक्ष नव्हतं. अरुंधतीने पदर सारखा केला, हनुवटी उचलली आणि उंबऱ्यावर पाय ठेवला.

पडद्यावर एक फौजदार आईच्या पाया पडून रडत होता. असला फौजदार त्यांच्या मालिकेत नव्हता. तिने घड्याळ पाहिलं. साडेसात वाजून पाच मिनिटं. मग पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. चिन्ह दुसऱ्याच वाहिनीचं होतं.

आतल्या चुलीपाशी भांडं वाजलं. पाठोपाठ ठमाबाईचा आवाज आला.

"किशोरे, जाहिरात लागली का तो पेपर घे गो, दमयंती पुढं काय करनार हाय ते वाच मना. रविवारी कोथिंबिरीचं नाव करून येते बिचारी, तिला हात हलवत कशी धाडू?"