गुहागरचं ठरलं होतं

"चल ना गं गुहागरला. माझ्या पेन्शनमध्ये दोघींचं भागेल," दोघींचा निरोप समारंभ संपल्यावर शालन म्हणाली.

वासंती निरोपाचा गुच्छ पिशवीत ठेवू लागली. दोघी एकाच सरकारी इस्पितळात नर्स होत्या आणि रिटायर झाल्यावर तिकडे समुद्राजवळ घर घेऊन राहायचं, हे नर्सिंग शिकतानाच ठरलं होतं. पण आईच्या आजारपणामुळे वासंती उशिरा रुजू झाली आणि तोवर नियम बदलला होता. नव्याने लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली.

"तुझ्या जिवावर नको गं," ती शेवटी म्हणाली आणि सोमवारपासून खाजगी दवाखान्यात ड्युटीला लागली.

आठवड्याने गुहागरहून शालनचा फोन आला. ती काही बोललीच नाही; तिने फोन लाटांकडे धरला होता. वॉर्डातल्या गलक्यात वासंती दुसऱ्या कानावर हात दाबून ऐकत राहिली.