डॉल्फिनवाली

सुलतानपूरचे तुळशीराम लेकीचं काम पाहायला पहिल्यांदाच मालवणला आले होते. त्यांची योगिनी समुद्रातल्या डॉल्फिनांच्या वागण्याचा अभ्यास करायची. सुलतानपुरात मात्र लोक तिला ‘मासेवाली’ म्हणायचे. सकाळी ते लेकीसोबत तिच्या होडीतून समुद्रात गेले, तेव्हा पर्यटकांच्या होड्यांनी एका डॉल्फिन मादीला वेढलं होतं. तिचं नवजात पिल्लू श्वासासाठी वर येऊ पाहत होतं, पण इंजिनांच्या आवाजानं बिथरून पुन्हा खाली जात होतं. योगिनी आपल्या होडीच्या टोकावर उभी राहिली. तिनं हात वर केला. “इंजिन बंद करा! तिला वाट द्या!” सगळ्यात म्हाताऱ्या नावाड्यानं इंजिन बंद केलं आणि तो ओरडला, “मॅडम सांगतत ता आयका रे!” एकेक होडी थांबली. मादीनं पिल्लाला वर उचललं, त्यानं श्वास घेतला. तुळशीरामांनी तिथूनच घरी फोन लावला. “कौशल्या, आपल्या पोरीनं नुस्ता हात वर केला, अन् सारा समुद्र चूप झाला!”