गोरखचिंचेवरची पिल्लं

घुबडाची पिल्लं बिथरू नयेत म्हणून म्बेयू दर शनिवारी संध्याकाळी काड्झो आजीच्या अंगणातल्या गोरखचिंचेसमोर कॅमेरा घेऊन श्वास रोखून बसायची.

"फोटो काढ गं पोरी, पण गाव कळू देऊ नकोस," निळ्या दारातून आजी उकडलेला कसावा पुढे करायची. "घुबडं माझ्या दारी आहेत म्हटल्यावर मलाच चेटकीण ठरवतील मेले!"

"छे गं आजी, गावाचं नावसुद्धा टाकणार नाही."

म्बेयूनं शब्द पाळला. फोटो मात्र या फोनवरून त्या फोनवर केनियातल्या किलिफी जिल्हाभर फिरला.

पुढच्या शनिवारी ती आली, तर झोपडी जळून गेलेली. आजीचा पत्ता नव्हता. पिल्लं फांदीवर मजेत होती.



म्बेयूनं पुन्हा तो फोटो उघडला आणि पहिल्यांदाच पिल्लांच्या मागे पाहिलं. आजीचं निळं दार लख्ख दिसत होतं.