डोळे झाकून घ्या

प्राणेशनं दिवाळसणाच्या भेटीवरचा कागद फाडला आणि त्याचं हसू ओठांवरच राहिलं.

आत नव्या व्हिडिओ गेमची डबी होती. कोपऱ्यावर हळदीचं बोट. नवी वस्तू हळदीशिवाय वापरायची नाही, मग ती साडी असो की राक्षस मारायचा खेळ, हा सासूबाईंचा, कृष्णवेणीचा नियम.

"आवडला ना, माप्पिळ्ळे?" सासऱ्यांनी, जनकोजी रावांनी विचारलं. तमिळमध्ये जावयाला माप्पिळ्ळे म्हणतात. जनकोजी राव ते इतक्या आदरानं म्हणत की शिवी वाटावी.

"अय्यो मामा, एवढा महाग गेम कशाला?"

"तुम्हीच म्हणालात."

खरं होतं. प्राणेश यूट्यूबवर 'वांगादींग' म्हणजे 'घेऊ नका' नावाचं चॅनल चालवी. कुठला गेम फसवा, कुठला अर्धकच्चा विकायला काढलाय, हे पोरांना ओरडून ओरडून सांगे. जनकोजी राव नारळसुद्धा ठोकून घेणारा माणूस. मिक्सर घ्यायला त्यांनी सबंध उन्हाळा घालवला होता. जावई मात्र बायकोच्या घाईनं घेतला गेला. तेव्हा पारखायचं राहिलं, म्हणून लग्नानंतर बसून त्यांनी त्याचे सगळे व्हिडिओ पाहिले. जिकडेतिकडे 'घेऊ नका'. एकाच व्हिडिओत प्राणेश हात जोडून म्हणाला होता, "हा डोळे झाकून घ्या." जनकोजी रावांनी तोच घेतला.

"लावा, बघू."

"संध्याकाळी लावू की, मामा."

"संध्याकाळी फटाक्यांत काही ऐकू येत नाही. आत्ता लावा."

गेम चालवायचं यंत्र, कन्सोल, आणलं नाही म्हणायची सोय नव्हती. अण्णा नगरला सासुरवाडीला येताना प्राणेश टूथब्रश विसरे, कन्सोल कधी नाही. त्यानं डिस्क घातली. टीव्हीवर एक योद्धा उभा राहिला. त्याला चेहरा नव्हता. नुसते दात आणि दोन बुबुळं हवेत तरंगत होती. त्यानं एक पाऊल टाकलं आणि तो राजवाड्याच्या फरशीत कमरेपर्यंत रुतला.

"बुडाला का हो तो?" कृष्णवेणीनं काळजीनं विचारलं.

"नाही, मामी."

"मग काढा ना बाहेर."

प्राणेशनं भराभर बटणं दाबली. योद्धा दातांसकट खाली गेला आणि टीव्ही काळा झाला.

"खेळ असाच आहे का?" जनकोजी राव म्हणाले.

प्राणेशनं डिस्क काढून खिडकीच्या उजेडात धरली, उलटसुलट केली. मग त्याला सुचलं.

"हळद," तो म्हणाला. "मामी, हळदीनं झालं हे. कण आत गेले. मशीनला आता डिस्क वाचता येत नाही. असल्या वस्तूंना हळद-बिळद लावायची नसते हो!"

"मी फक्त डबीला..."

"तेच ते. आता दुकानदार परतही घेणार नाही. एवढा चांगला गेम होता."

कृष्णवेणीनं बोट पदराला पुसलं, पुन्हा पुसलं. पहिल्या दीपावलीची जावयाची भेट तिच्या हातानं नासली होती. "माझंच चुकलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "मला मेलीला काय कळतं त्यातलं."

स्वयंपाकघराच्या दारात कीर्तना गोड बादुशांचं ताट घेऊन उभी होती. जनकोजी राव जावयाकडे बघतच नव्हते. ते लेकीकडे बघत होते. तिनं ताट टेबलावर आपटलं.

"अम्मा, डोळे पूस. आमच्या नुंगंबाक्कमच्या फ्लॅटमध्ये याचीच दुसरी डबी पडलीय. सिंगापूरला हॉटेलात गेमच्या कंपनीच्या बाईनं याला दिली होती. तिला कुणी हळद लावलेली नाही. तिचं प्लास्टिकसुद्धा यानं अजून काढलेलं नाही."

"कीर्तना, ते प्रमोशनचं वेगळं असतं..."

"सिंगापूरला?" जनकोजी राव म्हणाले. "तिकडे हनिमूनला गेला होतात ना?"

"हो, म्हणजे... तिकीट, हॉटेल त्यांनीच दिलं, तर म्हटलं..."

"मग हनिमून कुणाचा?"

"मला वाटलं होतं, माझा," कीर्तना म्हणाली.

खाली रस्त्यावर कुणीतरी फटाक्यांची लांबलचक माळ लावली.

"मामा, या धंद्यात असं करावं लागतं," प्राणेश म्हणाला. "सगळेच करतात. आणि आम्हाला न खेळताही अंदाज येतो."

"सरि, सरि. बरं," जनकोजी राव म्हणाले. त्यांनी डिस्क अंगवस्त्रानं पुसली, स्वतः कन्सोलमध्ये घातली आणि कंट्रोलर दोन्ही हातांनी, विडा द्यावा तसा, जावयापुढे धरला.

"व्हिडिओत तुम्ही म्हणालात, यात चाळीस तासांचा आनंद आहे. घ्या तो. पहिल्यापासून शेवटपर्यंत. जेवणाचं पान इथंच मांडू."

"पण आम्हाला आज घरी जायचंय. आई वाट बघतेय आमची."

"तुम्ही केव्हाही निघा, माप्पिळ्ळे. मुलगी खेळ संपल्यावर पाठवू. मला घाई नाही. मी रिटायर माणूस."

प्राणेश हसला. कुणी हसत नाहीसं पाहून थांबला. "कीर्तना, सांग ना यांना काहीतरी."

कीर्तनानं जेवणाच्या टेबलाची खुर्ची फरफटत आणली, टीव्हीकडे पाठ करून मांडली आणि नवऱ्याच्या तोंडासमोर बसली.

"खेळ तू," ती म्हणाली. "मी बघते."