शेवटचं जुनं मॉडेल

"तो विकलाय," क्षिप्रा म्हणाली आणि पटकन खोक्यासमोर जाऊन उभी राहिली.

मांडव्याच्या फोटो स्टुडिओवाला रितेश चाटच पडला. जुन्या चिपचा हा शेवटचा कॉम्प्युटर, यापुढे कंपनीकडून येणार नाही, हे त्याला सकाळी फोनवर हिनेच सांगितलं होतं. "अहो, तासाभरात कोणी नेला?"

"आहेत एक," ती म्हणाली. रितेश चरफडत निघून गेला.

दुकान झाडणारी मनुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एक म्हंजे तो नागावचा मोजणीवालाच ना? मंग देऊन टाक की त्याला. किती दिस लटकवशील?"

बेचाळीस वर्षांच्या क्षिप्राचे कान शाळकरी पोरीसारखे तापले.

देवव्रत बापट नारळी-सुपारीच्या वाड्यांची मोजणी करून नकाशे काढून द्यायचा. जूनमधल्या एका गुरुवारी तो अलिबागेत तिच्या दुकानात पहिल्यांदा आला, तेव्हा त्याचा प्रश्न अगदी सरळ होता. सगळ्या कॉम्प्युटरांची चिपच आता बदलणार म्हणतात. मग त्याचं नकाशांचं जुनं सॉफ्टवेअर नव्या चिपवर चालेल का? की आत्ताच जुनं मॉडेल घेऊन टाकावं? घरचा कॉम्प्युटर तर अधूनमधून मान टाकत होता.

"अजून काही नक्की नाही," क्षिप्राने खरं तेच सांगितलं. "थोडं थांबा."

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. कधी रॅम किती असावी, कधी आतला पंखा किती घरघरतो. एकदा तर माऊसला वायर असावी की नसावी यावर तो पाऊण तास बोलत बसला आणि दोन कप चहा प्यायला. गुरुवारी क्षिप्रा इस्त्रीची साडी नेसू लागली. मनुबाईने तर परस्पर चौकशीही केली. "एकटाच रहातो. लगीन न्हाय झालेला. मी इचारून ठेवलाय."

ऑगस्टमध्ये सगळं नक्की झालं. जुनं सॉफ्टवेअर नव्या चिपवर चालणार नव्हतं, आणि जुनी मॉडेलं यायची बंद होणार होती. क्षिप्राने त्याच आठवड्यात गावातल्या दोन आर्किटेक्टना फोन करकरून जुनं मॉडेल घ्यायला लावलं. गुरुवारी देवव्रत आला. सांगायला तिने तोंड उघडलं, आणि मनात आलं, एकदा घेतला की हा परत येईल कशाला?

"आणखी थोडं थांबू या का?" ती म्हणाली.

"थांबू या की!" देवव्रत इतका खुशीत म्हणाला की तिला स्वतःचीच लाज वाटली.

तेव्हापासून ती दर गुरुवारी लाजत होती आणि दर गुरुवारी त्याला थांबवत होती. जूनपासून मोजले तर सतरा गुरुवार झाले होते. आता पाऊस उघडला होता, मोजणीचे दिवस आले होते. त्याचा तो जुना डबा ऐन कामात बंद पडला तर?

तिने फोन लावला. "बापट, तुमचा कॉम्प्युटर घेऊन निघतेय मी. आत्ता."

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं. "नको, नको! घरी कशाला? उद्या गुरुवारच आहे, मी येतोच ना!"

"उद्यापर्यंत माझा धीर टिकायचा नाही," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मनुबाईने खोका स्कूटरवर पायांशी बसवून दिला. अक्षीच्या पुलावर वाऱ्याने तिचे केस पार विस्कटले. खाडीवरून येणाऱ्या सुकटाच्या वासातही तिला उगाचच हसू फुटत होतं. आपण एका माणसाला फसवलंय, ते कबूल करायला निघालोय, आणि मोठ्याने गातोय, हे तिला एका टेम्पोवाल्याने वळून बघितल्यावर कळलं.

देवव्रत दारातच उभा होता. दोन्ही हात चौकटीला लावून, वाट अडवून.

"मी तुम्हाला फसवलं," क्षिप्राने स्कूटरवरूनच सुरुवात केली. "ऑगस्टपासून मला माहीत होतं. सगळ्यांना सांगितलं, तुम्हालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही कॉम्प्युटर घेतला असता, आणि मग गुरुवारी आला नसतात. हा शेवटचा तुमच्यासाठी ठेवलाय. आता काय बोलायचं ते बोला."

देवव्रतच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. तेवढ्यात घरातून घर्रर्र आवाज आला. तो थांबेचना.

"काय वाजतंय ते?"

"काही नाही. प्रिंटर."

क्षिप्रा त्याच्या हाताखालून वाकून सरळ आत शिरली. टेबलावर एक लांबलचक नकाशा सरकत बाहेर येत होता. शेजारी तोच कॉम्प्युटर होता. तीच कंपनी, तेच जुनं मॉडेल. त्यावर टाकायला घेतलेली चादर घाईत अर्धी जमिनीवर लोळत होती.

ती खुर्चीत बसली. हसू आवरेना म्हणून तिने पदर तोंडाशी धरला.

"कधी घेतलात?"

"पनवेलहून आणला. जूनमध्ये," देवव्रत दारातूनच, जमिनीकडे बघत म्हणाला. "तुमच्या दुकानात दुसऱ्यांदा आलो ना, त्याच्या आदल्या दिवशी."