लक्षण

फिनलंडमधल्या कुओपिओ शहरातल्या इस्पितळात ताइस्तोच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढून टोकं पुन्हा जोडली होती. आठवडाही झाला नव्हता, तोच एका दुपारी त्याने बायकोचा हात धरला आणि म्हणाला, "इर्या, किती सुंदर दिसतेस गं! तू नसतीस तर माझं काय झालं असतं?"

इर्या हात सोडवून तडक नर्सकडे गेली.

"बाई, माझ्या नवऱ्याचं काहीतरी बिघडलंय."

"का? पोट दुखतंय म्हणाले?"

"छे. गोड बोलतोय."

नर्सही त्याच अबोल फिनलंडची. हसण्यात वेळ न घालवता ती डॉक्टरांना बोलवायला धावली.

तपासणीत कळलं, की आतड्याचा सांधा गळत होता, पोटात पू साठला होता आणि ताप डोक्यात जाऊन ताइस्तो बरळत होता. नळी घालून पू काढला, शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं.

ताप उतरल्यावर ताइस्तोने डोळे नीट उघडले. उशाशी बसलेल्या इर्याने कॉफीचा घोट पाजत विचारलं, "कसं वाटतंय?"

"कॉफी गार आहे," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

"तुम्ही वेळेवर ओळखलंत, म्हणून वाचले हो," डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या. "आता बघा, अगदी होते तसे झाले!"

इर्याने मान हलवली. कोट चढवला, सगळी बटणं लावली आणि दारापाशी जाऊन थांबली.



"डॉक्टर, थोडासा ताप ठेवता नसता का आला?"