रंग न आलेलं पाणी

"यांना सांगा, जरा लांब बसा," बाई म्हणाली आणि तिने पाण्याची बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरली.

तिचा नवरा हातभर अंतरावर उभा होता. त्याला ऐकू आले होते. तरीही पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासनिसाने मान हलवेपर्यंत तो थांबला, आणि मग दाराजवळच्या बाकावर जाऊन बसला.

तपासनीस वयाने लहान आणि स्वभावाने भिडस्त होता. याच्या तोंडून शब्द काढायचा तर पिपेटच लावावी लागेल, असे वरिष्ठ त्याला चिडवत. पाण्याशी त्याचे जमे. पाण्याला जे विचारायचे ते थेंबांनी विचारता येई. माणसे समोर आली की घशाला कोरड पडे.

"नमुना कोणी काढला?" त्याने फॉर्मवरची नजर न उचलता विचारले.

"मीच. बाटली उकळून घेतली, विहिरीचं झाकण मी सरकवलं, दोर मी सोडला. यांचा हात लागू दिला नाही."

"पण ताई, तुमच्या गल्लीतल्या विहिरी महिन्यापूर्वीच बंद केल्यात. ते पाणी आता कोणी पीत नाही. मग तपासून..."

"मला कळायला हवं."

मग तिने सांगितले. नऊ वर्षांची मुलगी दोन महिन्यांपूर्वी गेली. रक्तात क्रोमियम सापडले. ते आले कुठून, यावर डॉक्टरांनी दोन वाटा दाखवल्या. नवरा क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात. तिथल्या टाक्यांवरची वाफ कपड्यांत बसते. आणि चढावर एक बंद पडलेला कारखाना. त्याच्या पिवळ्या ढिगाऱ्यांतले विष जमिनीत मुरते. गल्लीतल्या दोन विहिरींत ते निघाले, तीन विहिरींत नाही. त्यांची विहीर तेवढी तपासायची राहिली होती.

"विहिरीत निघालं तर मी," ती म्हणाली. "घरात नळ होता. पण आमच्या विहिरीचं पाणी गोड, म्हणून मीच ते भरायचे. ती आजारी पडली तर डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पाजा. ती तोंड फिरवायची. मी मांडीवर घेऊन चमच्याचमच्यानं पाजलं, साहेब. एकच घोट बाळा, माझ्यासाठी, म्हणून." ती थांबली. "आणि नाही निघालं, तर हे. कामावरच्या कपड्यांनीच घरी यायचे. पोर धावत जाऊन गळ्यात पडायची."

बाकावरचा माणूस जमिनीकडे पाहत होता. आम्लाने चरे पडलेली त्याची बोटे एकमेकांत अडकली होती.

तपासनिसाने आधी तिला दाखवण्यासाठी क्रोमियम मिसळलेले पाणी घेतले. आम्लाचे थेंब, मग कार्बाझाइडचे. नळीत जांभळा रंग उमलला. इतका देखणा, की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"विष असेल तर हा रंग येतो. नसेल तर पाणी आहे तसंच राहतं."

"आमच्याकडेही रोज करतात ही चाचणी," नवरा पहिल्यांदाच बोलला. "टाकीतलं पाणी गटारात सोडायच्या आधी. विष मारायला उग्र वासाची पांढरी पूड टाकायची, मग रंग बघायचा. आला तर अजून टाकायची."

"गटाराची एवढी काळजी!" बाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "उंबरठ्याच्या आत पाऊल टाकताना कुठे गेली होती?"



तपासनिसाने तिची बाटली उघडली. आम्ल पडताच नुकत्याच ओढलेल्या आगकाडीसारखा वास आला आणि विरला. पलीकडे कोणीतरी बर्नर पेटवला असावा. त्याने कार्बाझाइड घातले, नळी पांढऱ्या कागदासमोर धरली आणि घड्याळाकडे पाहिले. पाच मिनिटे. दहा मिनिटे. त्याने दुसऱ्यांदा केले, तिसऱ्यांदा केले. पाणी अश्रूसारखे स्वच्छ राहिले.

"रंग आला नाही, ताई."

बाईने स्वतःचे दोन्ही तळवे समोर धरले आणि जणू पहिल्यांदाच दिसत असल्यासारखे ती ते न्याहाळत राहिली. मग तिला असा हुंदका फुटला, की शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली.

"माझ्या हातून नाही झालं," ती म्हणत होती. "माझ्या हातून नाही झालं, साहेब."

रडे ओसरल्यावर तिने डोळे पुसले आणि ती थेट नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"मी भावाकडे चाललेय. त्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही. जन्मात मला तोंड दाखवू नका."

"बरं," तो म्हणाला. "तुझं सामान पोचवतो. स्वेटर वरच ठेवतो, तिकडे गारठा असतो."

ती निघून गेली. त्याने भिंतीला डोके टेकवले आणि एक लांब श्वास सोडला. मोठे ओझे खाली ठेवल्यासारखा तो श्वास ऐकून एरवी कोणावर न चिडणाऱ्या तपासनिसाला त्याची चीड आली. सुटला म्हणायचा हा, त्याच्या मनात आले.

तो टेबल आवरू लागला. बाटलीतले उरलेले पाणी त्याने टाकाऊ आम्लाच्या भांड्यात ओतले, तसा तोच वास भपकन नाकात शिरला, ठसका लागेल एवढा. त्याने आजूबाजूला पाहिले. खोलीत एकही बर्नर पेटलेला नव्हता.

वास त्या पाण्यातूनच येत होता. तो बाकापाशी गेला. त्याने अगदी हळू विचारले,

"दादा, विहिरीत ती पांढरी पूड किती टाकलीत?"

त्या माणसाने आधी दाराकडे पाहिले. ती रस्त्याच्या वळणापलीकडे गेल्याची खात्री करून घेतली.

"दोन पोती," तो म्हणाला. "एका पोत्यानं जांभळा रंग जात नव्हता."